गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूची कंबर कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात शालेय खो-खो स्पर्धेची बातमी वाचली, त्यात एका मुलीचं लई कौतुक केलं होतं की गुडघ्याच्या लिगामेंटचं (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्याचं) ऑपरेशन होऊन पाच महिनेच झालेत तरी ती जिद्दीनं मैदानात उतरली आणि टीमला जिंकून दिलं. फोटोपण होता, गुडघ्याला निळी कॅप लावलेली, गळ्यात मेडल. त्या लेकराच्या जिद्दीला नमस्कारच आहे, पण खरं सांगतो, ती बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण माझी लेक अशीच साडेपाच महिन्यात उतरली होती, तिचाही फोटो असाच छापून आला होता, तो कापून आम्ही देवघराशेजारी लावला होता, आणि पुढच्या दोन महिन्यात तोच गुडघा परत गेला. म्हणून हे पत्र लिहायलोय. थोडं लांबेल, पण छापा, आपल्याकडं घरटी एक तरी लेकरू खो-खो नाहीतर कबड्डी खेळतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. धाराशिव जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, सारिका काळे इथलीच, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. तिच्याकडं बघून माझी लेक सहावीपासून पळायला लागली. अकरावीत असताना सरावातच तिचा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नाही, कुणी हात पण लावला नव्हता, डावीकडं हूल दिली आणि उजवीकडं वळली, पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. खट्ट आवाज पाटीवर, म्हणजे मधल्या चौकोनात, बसलेल्या पोरींनी पण ऐकला म्हणे. नंतर डॉक्टरनी सांगितलं की हे लिगामेंट बहुतेक वेळा असंच जातं, टक्कर न होता, वळताना, एकदम थांबताना नाहीतर उडी मारून एका पायावर उतरताना.

पहिले दोन महिने आम्ही तेल लावून चोळण्यात घालवले ते वेगळंच. मग सोलापूरला एमआरआय, मग ऑपरेशन. मांडीच्या मागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तिथं नवीन लिगामेंट बसवलं. ऑपरेशन चांगलंच झालं, डॉक्टरला मी दोष देत नाही. पण घरी येताना हातात एक कागद दिला, त्यावर सगळे व्यायाम गुडघ्याचे. गुडघा सरळ करा, गुडघा वाकवा, टॉवेल खाली ठेवून दाबा, पाय सरळ ठेवून उचला. लेकीनं ते सगळं मन लावून केलं. तिसऱ्या महिन्यात चालणं नीट, चौथ्यात सायकल, पाचव्यात पळायला लागली, दुखत नव्हतं, सूज नव्हती. मग कोच म्हणाले सिलेक्शन आहे, आत्ता नाही खेळली तर वर्ष जाईल. ग्रेस मार्क, पुढं नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हे सगळं आमच्यासारख्या घरात लई मोठं असतं साहेब, मी पण हो म्हणलं. तो निर्णय माझाही होता.

दुसऱ्यांदा गेला तेव्हाही तसंच, कुणी हात न लावता, वळताना.

आता खरं जे सांगायचंय ते इथून पुढं आहे. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सूज उतरायची वाट बघत होतो तेव्हा एका ओळखीच्यानं सोलापूरच्याच एका फिजिओ मॅडमकडं पाठवलं. तिथं गेलो तर त्यांनी दुखऱ्या गुडघ्याकडं बघितलंच नाही आधी. दवाखान्याच्या पायरीवर लेकीला चांगल्या पायावर उभं केलं आणि म्हणाल्या, दुसरा पाय हळूहळू खाली टेकव आणि परत वर घे, आणि मला म्हणाल्या, तुम्ही समोरून मोबाईलवर शूटिंग घ्या. मग तो व्हिडिओ हळू करून दाखवला. जो पाय कधी दुखावलाच नाही त्या पायाचा गुडघा आत अंगठ्याच्या बाजूला वळत होता, दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत होती, आणि तोल सावरायला खांदा एका बाजूला झुकत होता. मॅडम म्हणाल्या, "दादा, हा गुडघा पण रांगेत उभा आहे. गुडघ्यात दोष नाही, वरचं अंग तिच्या ताब्यात नाही, त्याचा मार गुडघा खातोय."

मला तेव्हा एकदम कडब्याची गाडी आठवली. कडबा एका अंगाला कलता भरला की सगळा भार एका चाकावर येतो आणि वळणावर ते चाक बसतं. मग आपण नवीन चाक घालतो, आणि गाडी परत तशीच कलती भरतो. आम्ही नेमकं हेच केलं होतं. धड, डोकं आणि हात मिळून माणसाचं निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या वर असतं. पळता पळता वळताना ते वजन पायाच्या बाहेरच्या अंगाला गेलं की गुडघा आतल्या बाजूला ढकलला जातो, आणि त्याच वेळी पाय जमिनीत रोवलेला असतो. लिगामेंट कितीही नवीन असू द्या, ते सुतळीएवढं, आणि हा झटका सगळ्या अंगाचा.

ह्या वरच्या ताब्यालाच कोअर म्हणतात. आपल्याकडं कोअर म्हणलं की पोरं सिक्स पॅक समजतात आणि शंभर शंभर सिट-अप मारतात. तसं नाही ते. मॅडमनी समजावलं की हा एक डबा धरा, वरचं झाकण म्हणजे श्वासाचा पडदा, तळ म्हणजे ओटीपोटाखालचे स्नायू, पुढून पोटाचा आतला पट्टा, मागून मणक्याला धरून असलेले बारीक स्नायू, बाजूला बरगडीखालचे तिरके स्नायू, आणि ह्या डब्याला पायाशी जोडणारे कुल्ल्याचे स्नायू. निरोगी माणूस पाय उचलायच्या आधीच तो आतला पट्टा आपोआप आवळतो, आपल्याला कळत पण नाही. म्हणजे कोअरचं काम अंग हलवायचं कमी आणि नको तेव्हा हलू न द्यायचं जास्त. म्हणून सिट-अपनी फार काही साधत नाही, आणि प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), साइड प्लँक (तेच एका कुशीवर), ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलून धरणं) असले स्थिर धरायचे व्यायाम उपयोगी पडतात.

हे मॅडमच्या मनाचं पण नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २७७ कॉलेज खेळाडूंची धडाची परीक्षा घेतली, धड एका बाजूला ताणून धरायचं आणि एकदम सोडायचं, ते किती हलतं ते मोजायचं. मग ३ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचं धड जास्त हललं होतं त्यांनाच पुढं गुडघ्याच्या दुखापती जास्त झाल्या, मुलींमध्ये तर हे जास्तच ठळक दिसलं. २००७ साली छापून आलंय ते. आणि फुटबॉल, बास्केटबॉल असल्या खेळांत मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त जातं हे तर कितीतरी वर्षं माहीत आहे. मग आपल्या खो-खोच्या, कबड्डीच्या पोरींना हे कुणीच कसं सांगत नाही?

दुसरं ऑपरेशन झालं, ह्या वेळी गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा घेतला. आणि ह्या वेळी तिसऱ्या दिवसापासूनच दोन्ही कामं सोबत सुरू झाली. गुडघ्याचं काम तेच, सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ झालाच पाहिजे, मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा. त्याच्या जोडीला पलंगावर पडल्या पडल्या श्वास. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा, सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत आवळायचा, श्वास न कोंडता दहा सेकंद धरायचं. बघायला काहीच नाही, आमची आई म्हणाली हा कसला व्यायाम. पण लेकीला पहिल्या आठवड्यात ते पाच सेकंद पण जमत नव्हतं, जी पोरगी चार मिनिटं मैदानावर कुणाच्या हाताला लागत नव्हती तिला.

मग पाठीवर झोपून एक हात एक पाय उलटसुलट हलवायचा, कंबर जमिनीला चिकटलेली ठेवून. काही आठवड्यांनी मॅडमनी बघून दोन्ही पायांवर ब्रिज सुरू केला. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, हे व्यायाम मोबाईलवर बघून कुणी जसेच्या तसे करू नका. मांडीमागची शीर काढली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे मागच्या स्नायूवर जोर टाकायचा नसतो, त्यामुळं ब्रिज जपून. वाटीखालचा पट्टा काढला असेल तर गुडघे टेकून करायच्या व्यायामात जाम दुखतं, ते पुढं ढकलावे लागतात. सोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवलेला असेल तर त्याचे नियम आणखी वेगळे. आमच्या लेकीला प्लँक आधी उभ्यानं भिंतीला हात टेकून, मग ओट्याला हात टेकून, मग कुठं जमिनीवर, असा पायरीपायरीनं दिला. साइड प्लँकमध्ये पण भार गुडघ्याच्या वर येईल असं बघितलं. रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, छातीसमोर दोन्ही हातांनी धरून सरळ पुढं ढकलायचा, पट्टा अंगाला बाजूला ओढतो आणि आपण वळायचं नाही. हा व्यायाम लेकीला सगळ्यात आवडायचा, म्हणायची पप्पा, हूल दिल्यावर आतून असंच ओढतं.

चौथ्या महिन्याच्या आसपास ओणवं होऊन एक हात पुढं आणि उलटा पाय मागं ताणायचा व्यायाम आला. वाटीखाली दुखायचं म्हणून आजीची जुनी वाकळ चार पदरी घडी करून गुडघ्याखाली घालायचो. मॅडमनी सांगितलं होतं, कमरेच्या खोलगट भागावर पाण्याचा पेला ठेवा. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी मी तिच्या कमरेवर स्टीलचा पेला ठेवायचो, अर्धा भरलेला, आणि मोबाईलवर सेकंद मोजायचो. पहिल्या दिवशी पाय मागं न्यायच्या आधीच पेला लुडकला, वाकळ भिजली, लेक रडली. दुखत होतं म्हणून नाही रडली, म्हणाली पप्पा मला माझीच कंबर सापडत नाही. मग आठवडाभर रिकामा पेला. मग तळाला बोटभर पाणी. सहाव्या महिन्यात काठोकाठ भरलेला पेला ठेवून दहा सेकंद एका बाजूला आणि दहा सेकंद दुसऱ्या बाजूला, एक थेंब सांडला नाही. त्याच आठवड्यात परत पायरीवरचा व्हिडिओ काढला तर गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत सरळ खाली येत होता, कंबर सपाट, खांदे सपाट. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पहिल्या वेळेला आम्ही काय सोडून दिलं होतं.

कोअर केलं म्हणजे झालं असंही नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. मांडीचा जोर आलाच पाहिजे, त्याच्याशिवाय सगळं फोल आहे, आणि नवीन लिगामेंटला आत रुजायला वेळ लागतोच. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत तर ते बसवलं तेव्हापेक्षा उलट कमजोर होतं आणि नंतर हळूहळू मुरतं, पूर्ण मुरायला वर्षाच्या वर लागतं. आणि घोळ असा की नेमकं त्याच काळात पेशंटला बरं वाटायला लागतं. दुखत नाही म्हणजे बरं झालं हा आपला हिशोब इथं चालत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या लोकांनी मिळून १०६ पेशंटचा २ वर्षं अभ्यास केला, तो २०१६ साली आला, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका एकेक महिना पुढं ढकलला तितका परत दुखापत व्हायचा धोका जवळजवळ निम्म्यानं कमी होत गेला. पाच महिने आणि नऊ महिने ह्यात किती फरक पडला ते तुम्हीच बघा. आणि नुसते महिने पण मोजायचे नाहीत, टेस्ट द्यायची. एका पायावर लांब उडी, लागोपाठ तीन उड्या, मांडीचा जोर, आणि दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आला पाहिजे. आमच्या मॅडम त्याच्या जोडीला बघायच्या की उडी मारून उतरताना धड कुठं जातंय. लेकीला त्यांनी नवव्या महिन्यात नापास केलं होतं. आकडे आले होते, पण दमल्यावर उतरताना खांदा परत झुकत होता. खो-खोत तर शेवटच्या मिनिटात दमलेलं असतानाच वळावं लागतं. मग अजून दोन महिने. अकराव्या महिन्यात ती पहिली मॅच खेळली, ती पण पूर्ण नाही.

मोठ्या खेळाडूंचं आपण काय बघतो? विनेश फोगाटचा गुडघा २०१६ ला रिओत मॅटवरच गेला, २०१८ ला तिनं कॉमनवेल्थ आणि एशियाड दोन्हीकडं गोल्ड घेतलं. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, तो परत मॅच खेळला मार्च २०२४ मध्ये. आणि आपला बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. एवढ्या मोठ्या खेळाडूला घाई करता येत नाही, आणि त्यांच्या मागं तर डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर सगळी फौज असते. आणि आपण आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या लेकराला गुडघ्याला कॅप लावून पाचव्या महिन्यात पाटीवर बसवतो.

पैशाचं म्हणाल तर हे सगळं महाग आहे असं पण नाही. ऑपरेशनला आमचं कर्ज झालं, ते अजून फिटायलंय. पण कमरेच्या व्यायामाला लागलं काय, एक सतरंजी, एक वाकळ, एक रबराचा पट्टा आणि पेला. लागतं ते बघणारं माणूस, आणि तेच आपल्याकडं नाही. तुळजापूरहून सोलापूर ४५ किलोमीटर आहे, मी एसटीत असल्यामुळं जमलं, भूम-परांड्याच्या खेड्यातल्या पोरीनं दर आठवड्याला कुठं जायचं? आमच्या ओळखीतल्या एका पोरीचा बाप ऊसतोडीला जातो, दिवाळीनंतर घरात आजी आणि ती दोघीच. तिचा गुडघा गेला आणि तिनं खेळच सोडला, कुणाला पत्ता पण नाही.

म्हणून माझी मागणी आहे की जिल्हा क्रीडा संकुलात आठवड्यातून निदान दोन दिवस एक फिजिओ बसवा. संकुलं बांधली, मॅट आणल्या, मग मॅटवर पडणाऱ्या लेकराला बघणारं माणूस पण द्या. फिजिओथेरपीच्या कॉलेजांतली पोरं-पोरी इंटर्नशिप करतातच, त्यांना शनिवारी-रविवारी मैदानावर पाठवलं तरी लई फरक पडेल. क्रीडा शिक्षकांना शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस हे शिकवा. फिफानं फुटबॉलसाठी इलेव्हन प्लस नावाचा २० मिनिटांचा वॉर्म-अप काढलाय, त्यात पळणं, प्लँक, साइड प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं असलंच आहे, साहित्य काही लागत नाही, आणि जिथं जिथं नियमित केला तिथं दुखापती कमी झाल्यात. खो-खोला पण तो सहज बसवता येईल. आणि लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला टेस्ट पास झाल्याच्या कागदाशिवाय स्पर्धेत उतरवायचं नाही असा नियम जिल्हा पातळीवरच करा, वयाचा दाखला मागता तसा हा कागद मागा. नियम असला की कोचवरचं पण ओझं उतरेल, ते बिचारे पण रिझल्टच्या दडपणाखाली असतात.

तुम्हालाही हात जोडून एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा, की ऑपरेशनला किती महिने झाले, टेस्ट कुणी घेतली. ते दोन शब्द बातमीत आले तर वाचणाऱ्या आईबापांना पण विचारायचं सुचेल. आणि परवाच्या बातमीतल्या त्या मुलीच्या घरी हा पेपर जात असेल तर त्यांना माझा निरोप आहे, लेकराला एकदा पायरीवर उभं करा, समोरून व्हिडिओ घ्या आणि फिजिओला दाखवा. पुढच्या स्पर्धेच्या आधी, आजच.

माझी लेक आता कॉलेजकडून खेळते. रविवारी सकाळी सहा वाजता गावातल्या शाळेच्या मैदानावर ती लहान पोरींना हे व्यायाम शिकवते, सध्या नऊ जणी येतात, प्रत्येकीनं घरून सतरंजी आणि पेला आणायचा. तालुक्यातल्या कुठल्याही आईबापाला आपली मुलगी घेऊन यायचं असेल तर या, फी काही नाही.

आपला नियमित वाचक,
एका खो-खो खेळाडूचा बाप
तालुका तुळजापूर, जि. धाराशिव
(लेकीच्या शिक्षणाचं वय आहे म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)